बाजूच्या पत्र्याची जाडी

आमच्या सांगलीच्या घरात डायनिंगच्या टेबलावर गेला उन्हाळाभर एक रणगाडा उभा होता. होता लॅपटॉपच्या पडद्यावरच, पण सून म्हणायची, खराखुरा असता तरी त्यानं इतकी जागा अडवली नसती. आम्ही चौघं ताटं सरकवून टेबलाच्या एका कडेला दाटीवाटीनं जेवायचो, आणि मधोमध तो, कायम चार्जिंगला लावलेला.

हा उद्योग माझ्या नातीचा. वय चोवीस. लढाईचे गेम काढणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत ती नव्यानं लागली होती आणि घरी बसून काम करत होती. काम काय, तर जुनी ड्रॉइंगं बघून रणगाड्याचं थ्रीडी मॉडेल उभं करायचं. पत्रा कुठं किती जाड, चाकं किती, तोफ किती लांब, सगळ्याचं मिळून वजन किती. पहिले सहा महिने पारखून घ्यायचे होते, त्यातले पाच सरले होते. सहाव्याच्या शेवटी कंपनी तिला पक्की करणार, नाहीतर हात जोडणार.

माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, आपला निकाल आधीच लावून ठेवला होता. पक्की झाली तर पुण्यात खोली घेऊन खुशाल राहावं. नाही झाली तर बी.एड.ला नाव घालायचं आणि कराडचं जे स्थळ सांगून आलंय ते बघून घ्यायचं. "खेळातले रणगाडे करून कुणाचं भलं झालंय?" असं तो रोज भात कालवताना विचारायचा. उत्तराची वाट बघायची त्याला सवय नाही.

मी या घरातली म्हातारी. साताऱ्याला तीन वर्षं नोकरी केलेली. ती तीन वर्षं मी पुढची पन्नास वर्षं सांगत आले आहे. सुनेला तर इतकी पाठ झालीत, की मी मधेच थांबले तर ती पुढचं वाक्य पुरं करते.

तर रणगाडा. त्याची गंमत अशी, की तो कधी झालाच नाही. नातीनं मला सांगितलं ते असं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातल्या कुठल्याशा कचेरीत लोकांनी तो कागदावर काढला. शत्रूच्या काँक्रीटच्या तटबंद्या फोडायच्या होत्या, म्हणून तो जड हवा होता. मग बैठका सुरू झाल्या. एक म्हणाला, पुढचा पत्रा आणखी जाड करा. दुसरा म्हणाला, तोफ मोठी घाला. तोफ मोठी झाली म्हणून बुरूज मोठा झाला, बुरूज मोठा झाला म्हणून खालचं धूड रुंद झालं. इंजिन मात्र पहिल्या बैठकीत ठरलेलं तेच राहिलं. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या देखाव्याचं असंच होतं. प्रत्येक कार्यकर्ता ट्रॉलीवर एकेक देव वाढवतो, आणि ट्रॅक्टर वळणावर बसतो. शेवटी त्यांनी या रणगाड्याचा लाकडाचा पूर्ण मापाचा नमुना केला, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले, तोवर युद्ध संपलं आणि सगळे कागद कपाटात गेले.

"म्हणजे रुखवत मांडलं आणि लग्न मोडलं," मी म्हटलं.

"अगदी," नात म्हणाली. "आता आम्ही त्याचं लग्न लावतोय."

लग्न लागल्यावर नवरदेव कसा निघाला ते मी स्वतः पाहिलं, कारण मला चालवायला दिला होता. तिला कुणीतरी नवखं माणूस हवं होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला नवखं म्हणणारं कुणीतरी भेटलं, मी लगेच बसले. पुढून हा रणगाडा म्हणजे डोंगर. गोळा लागला की टणकन उडून जायचा. आपली तोफ एकदा बसली की समोरचा निम्मा खलास. पण दुसरा गोळा भरेपर्यंत मी कपातला चहा संपवायची. बुरूज फिरायचा तो जत्रेतल्या पाळण्याच्या शेवटच्या फेरीसारखा. आणि चालणं? चालणं विचारूच नका.

"आज्जी, डावीकडं बघ! डावीकडं!"

"बघतेय की. मी केव्हाच बघितलं. तोफ यायची आहे अजून."

"मागं घे! रिव्हर्स!"

"अगं भवाने, पुढं जाईना तो मागं कुठला जातोय?"

शत्रूचे दोन बारके रणगाडे माझ्याभोवती गोल गोल फिरत होते, म्हशीभोवती बगळे नाचावेत तसे. दोन घरांच्या मधल्या बोळात मी अडकले, नदीकाठच्या चिखलात रुतले, आणि मागून गोळा खाऊन जळाले. नातीनं कपाळाला हात लावला. मला मात्र त्या धुडाचा लळा लागला. गुडघे माझ्यासारखेच होते त्याचे.

पण ज्यांना कंपनीनं आधी चाचणीसाठी खेळायला दिला होता त्यांना काही लळा लागला नाही. त्यांनी लिहून पाठवलं होतं, हा रणगाडा नाही, चालती भिंत आहे. त्याच्याखाली आणखी एकानं लिहिलं होतं, चालती कुणी सांगितली? हे वाचून आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग नातीनं हसू आवरलं.

"यात हसण्यासारखं नाहीये," ती म्हणाली. "सोमवारी मीटिंग आहे. एका मुलाला काढणार आहेत बहुतेक."

तिच्या टीममधे एक मुलगा होता, त्याच्याकडे रणगाड्यांची गती बसवायचं काम. इंजिनाची ताकद किती, गिअर कसे, चिखलात किती रुतणार, असे आकडे तो भरायचा. रणगाडा हलत नाही म्हटल्यावर सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळली. तीन आठवडे तो बिचारा इंजिन चढवत होता, उतरवत होता. इंजिन फार चढवलं की रणगाडा सपाटीवर घोड्यासारखा उधळायचा आणि चढावर परत बसायचा. त्याचा करार त्याच महिन्यात संपत होता.

"आणि तुझं मॉडेल?"

"माझं मॉडेल चांगलं आहे म्हणाल्या मॅडम. त्यामुळं माझं होईल पक्कं." मॅडम म्हणजे तिच्या टीमच्या मुख्य बाई.

तिच्या स्वरात आनंद होता आणि तो दाबायचा प्रयत्नही होता. मला तो स्वर ओळखीचा वाटला. का, ते त्या क्षणी लक्षात आलं नाही.

शनिवारी दुपारी सून बाजारात गेली होती, मुलगा ऑफिसात. मी नातीला म्हटलं, "मला तो मूळ कागद तरी दाखव. बघू तरी, कुणाच्या डोक्यातून हे निघालं." तिच्याकडे जुन्या ड्रॉइंगांचे फोटो होते, फार मोठे, बोटांनी वाढवू तेवढे वाढणारे. तिनं रणगाडा मधून कापून दाखवणारं ड्रॉइंग उघडलं. आणि काय सांगू, मला साताऱ्याच्या कचेरीतला वास आला. अमोनियाचा. बारीक सरळ रेघा, बाणांची टोकं मोहरीएवढी, आकडे सगळे एका उंचीचे. हे शाईनं ट्रेसिंग क्लॉथवर काढलेलं होतं. ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे खळ दिलेलं, मेणचट, निळसर कापड. साहेब पेन्सिलनं कागदावर ड्रॉइंग काढायचे, त्यावर हे कापड अंथरून आम्ही शाईनं गिरवायचो, आणि त्यावरून वर्कशॉपसाठी अमोनियाच्या वाफेवर प्रिंट निघायच्या. मी तेच करायची. ट्रेसर होते मी.

"थांब," मी म्हटलं. "हा आकडा मोठा कर."

बाजूच्या पत्र्याची जाडी लिहिली होती ती जागा. १५०, म्हणजे मिलिमीटर. बाकीच्या आकड्यांची शाई काठावर स्वच्छ, आणि या एकाच आकड्याला बारीक केस फुटलेले. भोवती कापडाची वीण उसवल्यासारखी.

"हा आकडा खरवडून परत लिहिलाय," मी म्हटलं.

"कशावरून?"

"अगं, ब्लेडनं शाई खरवडली की कापडाची खळ जाते. मग त्यावर लिहिलं की शाई पसरते. हे बघ, पसरलीय. खाली आधी दुसरंच काहीतरी लिहिलं होतं." मग माझ्या तोंडून कचेरीतल्या साहेबांचंच वाक्य निघालं. "धूड बाहेरून रुंद किती लिहिलंय? आणि आतून किती? कर वजाबाकी. निम्मं कर."

तिनं केली. परत केली.

"नव्वद येतंय, आज्जी."

"आणि तू धरलेस दीडशे."

"हो."

"दोन्ही बाजूंना."

"हो."

"मग बाहेरची रुंदी कशी जुळली तुझी?"

ती नखं बघत म्हणाली, "मी थोडं बाहेर ओढून घेतलं. वाटलं, फोटो काढताना कापड आकसलं असेल."

कापड आकसलं असेल! वा. चोवीस वर्षांच्या माणसाची सबब कशी सुबक असते. बाजूचे दोन्ही पत्रे पुढपासून मागपर्यंत दीडपटीहून जाड, म्हणजे वजन किती वाढलं बघा. ते सगळं त्या जुन्या इंजिनाच्या बोकांडी. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एकूण वजन लिहिलेलं होतं, तेही नव्वदलाच जुळत होतं. म्हणजे गती बसवणाऱ्या मुलाचे पहिल्या दिवशीचे आकडे बरोबर होते. तो तीन आठवडे दुसऱ्याचं ओझं ओढत होता.

नातीचा चेहरा उतरला. "आता सोमवारी काय सांगू? सहाव्या महिन्यात? मॅडम म्हणतील, इतकी साधी वजाबाकी केली नाहीस?"

आणि मी काय म्हणाले असेन? इतकी वर्षं जगलेली, चार पावसाळे जास्त बघितलेली बाई काय म्हणेल? मी म्हणाले, "काही सांगू नकोस. आजच्या आज आकडा बदल आणि गप्प बस. सोमवारी गाडा आपोआप चालायला लागेल. देवाची करणी."

"आणि त्याला काढलं तर?"

"त्याचं तो बघेल. तरुण आहे. मिळेल दुसरं काम."

हे मी बोलले. म्हणजे तोंड माझंच होतं, पण बोलली ती दुसरीच. ती मला चांगली माहीत आहे. दोन वेण्यांची, हाडकुळी, महाशहाणी. दहिवडीकडनं साताऱ्याला मावशीकडं येऊन ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात नांगरांची ड्रॉइंगं गिरवणारी. ब्लाउजला खिसा नाही म्हणून शाईचं रूलिंग पेन कमरेला खोचून हिंडायची, तलवार असल्यासारखी. गावाकडं पत्रात लिहायची, 'मी इंजिनिअर खात्यात आहे.' मी समजत होते, ही मुलगी केव्हाच मेली. कुठली मरतेय! माझ्याच साडीत बसून होती.

नातीनं तो आकडा परत मोठा करून बघितला. मग म्हणाली, "आज्जी, तुला कसं कळलं पण इतक्या पटकन? खरवडलेलं?"

"कामच होतं आमचं."

"खरवडायचं?"

पोरगी वकील व्हायला हवी होती. मी पदरानं चष्मा पुसला, आणि माझ्या ज्या तीन वर्षांतलं प्रत्येक वाक्य या घराला पाठ आहे, त्यातलं एक न सांगितलेलं प्रकरण सांगितलं.

कारखान्यात नवा लोखंडी नांगर काढायचा होता. त्याच्या मधल्या ओतीव भागाचं ट्रेसिंग माझ्याकडं आलं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. रेघा सुरेख उतरल्या. कोपऱ्यात ट्रेसरनं सही करायची चौकट असते. मला तिथं सही ठोकायची इतकी घाई, की शाई वाळायच्या आत पेन घेऊन कापडावरनं हात लांबवला, आणि टपकन थेंब पडला. नेमका जाडीच्या आकड्यावर. अर्ध्या ब्लेडनं मी तो खरवडला, नखानं घासून जागा सारखी केली. आता आकडा कोणता होता? तेरा का अठरा? पेन्सिलचं मूळ ड्रॉइंग साहेबांच्या टेबलावर होतं, माझ्यापासून आठ पावलांवर. पण साहेब म्हणाले असते, कशाला हवं? दाखव बघू. मग डाग दिसला असता. ती शहाणी बसून राहिली. तिनं मनात म्हटलं, जाड असलेलं काय वाईट? मजबूतच होईल. आणि सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं, अठरा. बाहेरचं माप, आतलं माप त्याच कापडावर होतं. वजाबाकी चौथीतली होती. पण इंजिनिअर खात्यातली माणसं चौथीतली वजाबाकी करत नाहीत.

नांगर ओतला गेला. कराडकडच्या काळ्या रानात त्याची चाचणी ठेवली. मालक, साहेब, आम्ही सगळे जीपमधून गेलो. गावातली पाच-पन्नास माणसं जमली. बैलजोडी चांगली, शिंगं रंगवलेली. दहा पावलं नांगर ओढला आणि एक बैल सरळ खाली बसला. उठवला, परत बसला.

"आवं मालक, ह्यो नांगूर हाय का देवळाचा खांब?" बैलवाला म्हणाला.

"रेडं आणा रं, रेडं!"

"रेड्याचं काम न्हाई गड्या. जत्रंतल्या बगाडाला जुपत्यात तशी धा बैलं लावा, तवा कुठं हालंल!"

लय हसली माणसं. मालकांचे कान लाल झाले. तिथंच माप लावलं तेव्हा भाग जाड ओतल्याचं कळलं. साहेबांनी जीपमधून आपलं मूळ ड्रॉइंग काढलं, त्यावर तेरा. मग मालक वळले ते मिस्त्रींकडं. मिस्त्री म्हणजे आमच्याकडचे लाकडी साचे करणारे चाचा. साताऱ्यातच वाढलेले, दाढी पांढरी, कानावर पेन्सिल. त्यांच्या साच्यावरनं ओतकाम व्हायचं.

"डोळं गेलं का मिस्त्री तुमचं? ड्रॉइंग तेराचं आन साचा अठराचा?"

मी जीपच्या मागं उभी होते. मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात त्या ट्रेसिंगची प्रिंट होती, घडी घातलेली, मला तिची निळी कड दिसत होती. त्यावर माझा अठरा होता. खिशात हात घालायचा आणि प्रिंट काढून दाखवायची, एवढंच करायचं होतं त्यांना. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं.

"चूक झाली, मालक," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना साच्यांच्या टेबलावरनं काढून वाळू चाळायला बसवलं. तीसच्या वर वर्षं साचे केलेला माणूस. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले, ती घडी घातलेली प्रिंट माझ्या पुढ्यात ठेवली, आणि हळू म्हणाले, "बेटी, खरवडल्यावर जागा चमच्याच्या पाठीनं घासावी. नखानं न्हाई. नखाचं तेल लागतंय, शाई पसरती." आणि गेले. दोन महिन्यांत नोकरी सोडून मिरजेला भावाकडं गेले, असं ऐकलं. मी लग्न होईपर्यंत आणखी दोन वर्षं तिथं होते. चमचा वापरायला लागले. काम सुधारलं माझं. सगळे म्हणायचे, काय हात आहे मुलीचा!

सांगून झालं. मला वाटलं, नात माझा हात हातात घेईल. डोळ्यांत पाणी वगैरे. आम्हा म्हाताऱ्यांना कबुलीजबाब दिला की लगेच बक्षीस हवं असतं.

"तू त्यांना शोधलंस का नंतर?" तिनं विचारलं.

"नाही."

"मिरज इथनं पाव तासावर आहे, आज्जी. तू पन्नास वर्षं सांगलीत राहतेस."

"हो."

"आणि दर दिवाळीला आम्हाला सांगतेस, साताऱ्यात तुझ्या हाताला कसं वळण होतं."

मी उठले आणि चहा टाकला. साखर दोनदा घातली. तिनं तो निमूट प्यायला, आणि रविवारभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. सोमवारी ती काय करणार हे मला कळेना. विचारायचं धाडस होईना. ज्या माणसानं स्वतः गप्प बसायचा सल्ला दिलाय त्यानं कुठल्या तोंडानं विचारावं?

सोमवारी अकराला मीटिंग. मी टेबलाच्या पलीकडं, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, गवारीच्या शेंगा मोडत बसले. पडद्यावर सात-आठ चौकोन. एका चौकोनात नुसताच काळोख, तो गती बसवणारा मुलगा. त्यानं कॅमेरा बंद ठेवला होता. मॅडमनी त्याचंच नाव घेऊन सुरुवात केली.

"मॅडम, त्याच्या आधी मला बोलायचंय," नात म्हणाली. बाजूच्या पत्र्याचा आकडा मी एकाच जागेवरून घेतला, बाकीच्या मापांशी ताडून बघितला नाही, माप जुळेना तेव्हा मॉडेल बाहेर ओढलं, वजन त्यामुळं वाढलं. गतीचे पहिले आकडे बरोबर होते. चूक माझी. असं सगळं तिनं एका दमात सांगितलं.

माझ्या हातातली शेंग मोडायची राहिली.

"हे तुला आत्ता कसं सापडलं?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या आज्जीनं दाखवलं. ती ट्रेसर होती."

"आहेत का त्या तिथं?"

झालं. नातीनं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. मांडीवर गवार, केस विस्कटलेले. मी पदर सावरला.

"नमस्कार, आजी. तो आकडा खोडून लिहिलाय याची खात्री आहे तुम्हाला? तेव्हाच्या लोकांनी मुद्दाम जाड केला असेल तर?"

"असेलही," मी म्हटलं. "एखाद्या साहेबाला वाटलं असेल, होऊ दे जाड. पण मग बाकीची मापं बदलायला हवी होती, ती बदलली नाहीत. माझ्या मते कुणीतरी डाग लपवलाय."

"असं का वाटतं?"

"कारण मी लपवला होता," मी म्हटलं. आणि त्या सात-आठ अनोळखी पोरांना नांगराची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. बैलाची चेष्टा वगळली. मिस्त्री वगळले नाहीत.

मग तो काळा चौकोन उघडला. दाढी वाढलेला मुलगा, मागं दोरीवर टॉवेल वाळत घातलेला. तो माझ्याकडं बघत नव्हता, कुणाकडंच बघत नव्हता. म्हणाला, "मॅडम, मी तीन आठवडे इंजिन बदलत बसलो होतो."

"माहितीये," मॅडम म्हणाल्या. आणि मग, "सॉरी."

नात मान खाली घालून बसली होती. सॉरी ती त्याला नंतर फोन करून म्हणाली, बाल्कनीत जाऊन, दार लावून. तो काय म्हणाला ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मीही या वेळी दाराला कान लावला नाही. कान लावायला गेले होते, पण गुडघा वाजला.

संध्याकाळी निकाल आला. त्या मुलाचा करार वाढवला. नातीला पक्की केली नाही, काढलीही नाही. आणखी तीन महिने पारखणार, आणि पुढचं प्रत्येक माप तिनं दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यायचं.

"म्हणजे नाही केलं पक्कं," मुलगा जेवताना म्हणाला.

"तीन महिन्यांनी बघू म्हणाल्या, बाबा."

"चूक दुसऱ्याच्या नावावर चालली होती, तर तुला कुणी सांगितलं होतं मधे तोंड घालायला?"

मी वाटीतला आमटीचा थेंब न थेंब पुसून घेतला. नात माझ्याकडं न बघता म्हणाली, "कुणी नाही. मला तर गप्प बस असाच सल्ला मिळाला होता."

मुलानं हात धुतला आणि ठरल्याप्रमाणं कराडला लावायला फोन काढला. मी म्हटलं, "आण इकडं. बायकांचं बोलणं आहे, मी बोलते." त्यानं दिला. कराडच्या बाई, म्हणजे त्या स्थळातल्या मुलाची आई, बोलायला मोकळ्या होत्या. मी सांगितलं, पोरगी नोकरीत आहे, तीन महिने तिला कशातच लक्ष घालता येणार नाही, तुम्ही आमच्यासाठी थांबू नका.

"आवं, पन पोरगी काम तरी काय करती?" बाईंनी विचारलं.

"रणगाड्यांची वजनं बघते," मी म्हटलं.

"अगं बया! मिल्ट्रीत हाय व्हय?"

"तसंच समजा."

"मग आदी का न्हाई बोललासा! आमच्या घरातलं तिघं मिल्ट्रीत. सासरं बी व्हतं. असली पोरगी कुटं गावायची? तीन म्हैनं काय, आमी वरीसभर थांबतो की!"

बाईंचा आवाज घरभर ऐकू गेला होता. मी फोन ठेवला. मुलगा खूश होऊन बघत होता, सून तोंडाला पदर लावून हसत होती, आणि नात माझ्याकडं अशी बघत होती की मला शनिवारची दुपार आठवली.

मी एक पेला पाणी प्यायले. मग फोन परत हातात घेतला आणि तोच नंबर शोधायला लागले.

"आता काय सांगणार आहेस?" नातीनं विचारलं.

"खरं काय ते. गेममधले रणगाडे आहेत, त्यातला एक तिनं जाड करून ठेवला होता, आणि नोकरी अजून पक्की नाही." मी चष्मा लावला. "इतकं ऐकून घेतल्यावर थांबायचं का नाही ते त्यांचं त्या ठरवतील. लाव गं, मला ते हिरवं बटण सापडत नाहीये."

तिनं लावून दिला. पलीकडं घंटा वाजायला लागली.